निवडणुकीच्या काळातील शासकीय प्रसिद्धी

(खुलताबाद येथे तालुक्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चैत्र पौर्णिमेस भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी खुलताबादेत किती गर्दी लोटते, हे या सभेत कोणास सांगावयास नको. आदल्या रात्रीपासूनच छत्रपती संभाजीनगराकडून येणारा रस्ता पायी चालणाऱ्या भाविकांनी भरून जातो. अशा वेळी पिण्याचे पाणी कोठे मिळेल, वाहने कोणत्या मार्गाने वळविली आहेत, आरोग्य पथक कोठे बसले आहे, हे सांगणारे फलक लावणे ही नगर परिषदेची, तहसील कार्यालयाची आणि पोलिसांची जबाबदारीच होय.

आता पंचांग आणि निवडणुकीचे वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून पाहावे. २०१४ साली हनुमान जयंती १५ एप्रिलला आली आणि या लोकसभा मतदारसंघात मतदान झाले २४ एप्रिलला. २०१९ साली जयंती १९ एप्रिलला व मतदान २३ एप्रिलला, म्हणजे अवघ्या चार दिवसांच्या अंतराने. २०२४ साली जयंती २३ एप्रिलला आणि मतदान १३ मे रोजी. तीनही वेळा उत्सव आदर्श आचारसंहितेच्या काळात पार पडला. लोकसभेची मुदत ज्या ऋतूत संपते तो ऋतू पाहता पुढेही असे होणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, पाण्याचा फलक लावावा काय? लावावा, नव्हे लावलाच पाहिजे. आणि ‘भाविकांचे हार्दिक स्वागत’ असे लिहून शेजारी पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांची ओळ छापलेली कमान नगर परिषदेच्या खर्चाने उभारावी काय? ती उभारता येणार नाही. वस्तुतः दोहोंचे कापड तेच, बांबू तेच, रंगारी तोच आणि देयकही एकाच तिजोरीतून भागविले जाणार. फरक आहे तो वाचणाऱ्याच्या उपयोगाचा. पहिल्या फलकामुळे तहानेल्या माणसास पाणी सापडते; दुसऱ्यामुळे पाणी कोणाच्या कृपेने मिळाले एवढेच त्याच्या मनावर बिंबविले जाते. निवडणुकीच्या काळातील शासकीय प्रसिद्धीवर जी बंधने घातली गेली आहेत, त्यांचे सारे मर्म या दोन फलकांमध्ये आहे. नियमांची भाषा किचकट वाटली तरी त्यामागचा प्रश्न साधा आहे : कर भरणाऱ्या सर्वांच्या पैशाने, त्यांच्यापैकी काहींनाच ज्यास मत द्यावयाचे आहे अशा उमेदवाराचा प्रचार व्हावा काय?

ही बंधने एका दिवसात आली नाहीत. आदर्श आचारसंहितेचा उगम १९६० सालच्या केरळ विधानसभेच्या निवडणुकीत सापडतो. सभा, मिरवणुका, भाषणे आणि घोषणा यांबाबत पक्षांनी कसे वागावे, याविषयी तेथे एकमताने काही नियम ठरले. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी निवडणूक आयोगाने ते देशभरच्या पक्षांकडे पाठविले. त्या काळच्या नियमांचा भर पक्षांनी एकमेकांशी कसे वागावे यावर होता. सत्तेवर असलेल्या पक्षाच्या हाती शासनाची सारी यंत्रणा असते, आणि म्हणून त्याची गोष्ट वेगळी आहे, हा विचार पुढे आला तो नंतर.

मधल्या काळात देशाने आणीबाणी अनुभवली. आकाशवाणी, वृत्तसंस्था, चित्रपट व जाहिराती यांचा १९७५ ते १९७७ या काळात कसा वापर झाला याची श्वेतपत्रिका ऑगस्ट १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीपासून राजकीय पक्षांना आकाशवाणीवरून भाषणे करण्याची संधी मिळू लागली. या पार्श्वभूमीवर १९७९ साली आयोगाने आचारसंहितेत ‘सत्तारूढ पक्ष’ या शीर्षकाचा स्वतंत्र भाग घातला. सरकारी तिजोरीतून वृत्तपत्रांत व अन्य माध्यमांत जाहिराती देणे, तसेच आपल्या कामगिरीचे गोडवे गाण्यासाठी शासकीय प्रसारमाध्यमांचा वापर करणे, या दोन्हींना त्यात स्पष्ट मनाई आहे. मंत्र्यांनी शासकीय दौऱ्यास प्रचाराची जोड देऊ नये, विश्रामगृहे एकाच पक्षाने अडवून ठेवू नयेत, कोनशिला बसवू नयेत, ही आज सर्वपरिचित झालेली कलमेही त्याच भागातील होत.

कागदावरचा नियम व्यवहारात उतरण्यास मात्र आणखी एक तप लागले. डिसेंबर १९९० मध्ये टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि पुढील सहा वर्षांत आचारसंहिता हा शब्द गावोगावच्या चावडीवर पोहोचला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. आचारसंहिता हा स्वतंत्र कायदा नव्हे. तिचा आधार संविधानाच्या ३२४ व्या अनुच्छेदाने आयोगास दिलेले अधिकार आणि पक्षांनी दिलेली संमती हा आहे. परंतु कर्मचाऱ्यांच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२९ नुसार निवडणुकीचे कर्तव्य बजावणाऱ्या व्यक्तीने एखाद्या उमेदवारासाठी काम करणे वा मतदारांवर प्रभाव पाडणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनीही शासकीय कर्मचाऱ्यास राजकारण व निवडणूक प्रचारापासून दूर ठेवले आहे. पक्ष आचारसंहिता मोडतो तेव्हा त्याला बहुधा नोटीस किंवा ताकीद मिळते. कर्मचारी मोडतो तेव्हा त्याची नोकरी पणास लागते. फलकावर कोणाचे चित्र छापावे हे सांगणारा एक असतो आणि कागदावर सही करणारा दुसराच असतो, ही विसंगती खालच्या पायरीवरील कर्मचाऱ्यांनी विसरता कामा नये.

निवडणूक जाहीर झाली की घड्याळ सुरू होते. शासकीय कार्यालये व त्यांच्या आवारातील राजकीय स्वरूपाचे फलक, भित्तिपत्रके व छायाचित्रे चोवीस तासांत काढावयाची. बसस्थानक, रेल्वे स्थानक, रस्ते, पूल, विजेचे खांब अशा सार्वजनिक ठिकाणची अठ्ठेचाळीस तासांत. आणि खाजगी मालमत्तेवर नियमबाह्य असलेली बहात्तर तासांत. शासकीय संकेतस्थळांवरूनही मंत्र्यांची व पक्षांशी संबंधित व्यक्तींची छायाचित्रे दूर करावी लागतात. वेरूळला येणाऱ्या पर्यटकास रस्ता दाखविणारा फलक राहतो. त्याच्या कोपऱ्यात एखाद्या नेत्याचे चित्र असेल तर ते झाकावे लागते. कुटुंब कल्याण, लसीकरण, वाहतुकीचे नियम असे सर्वसाधारण संदेश चालतात, मात्र त्यांवर हयात राजकीय व्यक्तीचे चित्र वा नाव चालत नाही. निवडणूक जाहीर होण्यापूर्वी दिलेली जाहिरात नंतरच्या मासिकात प्रसिद्ध होऊ नये याची काळजी घेण्याचे कामही संबंधित खात्याचेच असते. शासकीय मासिके याला अपवाद नाहीत. तीही जनतेच्या पैशानेच निघतात आणि हा मजकूर ज्या पानांवर छापला जाईल त्या पानांनाही हाच नियम लागू आहे.

या नियमाची कसोटी लागलेले काही प्रसंग देशाच्या स्मरणात आहेत. २००४ साली ‘भारत उदय’ या शासकीय जाहिरात मोहिमेस निवडणुकीच्या काळात आयोगाने प्रतिबंध केला. जानेवारी २०१२ मध्ये उत्तर प्रदेशात सार्वजनिक खर्चाने उभारलेले हत्तींचे आणि तत्कालीन मुख्यमंत्री मायावती यांचे पुतळे कापडाने झाकण्याचा आदेश निघाला. आच्छादनामुळे त्या पुतळ्यांची चर्चा अधिकच झाली, हा भाग वेगळा. मार्च २०२१ मध्ये निवडणुका असलेल्या राज्यांत लसीकरणाच्या प्रमाणपत्रांवरील पंतप्रधानांचे छायाचित्र वगळण्यास सांगण्यात आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘विकसित भारत संकल्प यात्रा’ निवडणुका असलेल्या राज्यांत ५ डिसेंबरपर्यंत नेऊ नये असा आदेश झाला. आणि २१ मार्च २०२४ रोजी, लोकसभा निवडणूक जाहीर होऊन पाच दिवस झाले असताना, ‘विकसित भारत’ या मथळ्याचे व्हॉट्सॲप संदेश पाठविणे तत्काळ थांबवावे असे आयोगाने केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयास कळविले. संदेश आधीच धाडले होते, काही उशिरा पोहोचले असावेत, असा मंत्रालयाचा खुलासा होता.

हा शेवटचा प्रसंग ग्रामपंचायतींनी विशेष लक्षात घ्यावा. फलक उतरविता येतो, भिंत चुन्याने पुसता येते. मोबाइलवर गेलेला संदेश मागे आणणे कठीण. आज बहुतेक गावांत ग्रामपंचायतीचा व्हॉट्सॲप समूह असतो. नळाला पाणी किती वाजता येणार, घरपट्टी भरण्याची मुदत कोणती, शिबिर कोणत्या शाळेत, ही माहिती त्यावर येते आणि ती यावयासच हवी. पूर्वी कोतवाल दवंडी देत असे, तेच काम आता हा समूह करतो. परंतु दवंडी पिटणारा कोतवाल ‘अमक्यांच्या प्रयत्नाने’ असे पुढे जोडीत नसे. समूह चालविणारा ग्रामपंचायत अधिकारी, ज्यास लोक अजूनही ग्रामसेवक म्हणतात, तो शासनाचा नोकर आहे. म्हणून त्या समूहावर एखाद्या सदस्याने प्रचाराचे चित्र टाकले तर ते काढण्याची जबाबदारी त्याने टाळू नये.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर हा प्रश्न आणखी नाजूक होतो. पंचायतींच्या निवडणुकांचे नियंत्रण संविधानाच्या अनुच्छेद २४३ ट प्रमाणे राज्य निवडणूक आयोगाकडे आहे. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ पासून काम करीत आहे आणि या निवडणुकांची आचारसंहिता तोच लागू करतो. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तेथे ‘सत्तारूढ पक्ष’ म्हणून बोट दाखवावे असे काही नसते. असतात ती माणसे, त्यांची भावकी आणि त्यांचे पॅनेल. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ साली आली, २०२० साली गेली आणि २०२२ साली पुन्हा आली. ज्या गावात सरपंच थेट निवडला जातो तेथे ग्रामनिधीतून लावलेल्या प्रत्येक फलकावरील सरपंचाचे चित्र हे पाच वर्षे चाललेल्या प्रचाराचे रूप घेते. गल्लीतील काँक्रीटच्या रस्त्याचा फलक, हातपंपाजवळची पाटी, शाळेच्या भिंतीवरील शुभेच्छा, सर्वत्र तोच चेहरा. समोर उभे राहू इच्छिणाऱ्या एखाद्या शेतमजूर स्त्रीस स्वतःच्या पैशाने एवढे फलक लावणे शक्य नसते. आणि तिने भरलेल्या घरपट्टीतूनच प्रतिस्पर्ध्याचे चित्र रंगविले जाते. यात अन्याय नाही असे कोण म्हणू शकेल?

याच्या उलट बाजूसही एक दोष आढळतो आणि तो दोष अधिकाऱ्यांचा आहे. आचारसंहिता लागली की काही कार्यालयांत जणू सारेच व्यवहार गोठतात. दाखला मागितला तरी ‘आचारसंहिता आहे’, टँकरची फेरी विचारली तरी ‘आचारसंहिता आहे’. हे उत्तर सोयीचे असले तरी बहुधा खोटे असते. नवी योजना जाहीर करू नये, नवे काम सुरू करू नये, हा नियम आहे. चालू काम थांबवावे किंवा लोकांना आवश्यक माहिती देऊ नये, असा नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता आणि मराठवाड्यास त्याची झळ मोठी होती. पुढच्या उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक चालू असतानाच, राज्य शासनाच्या विनंतीवरून आयोगाने दुष्काळ निवारणाच्या कामांसाठी आचारसंहिता शिथिल केली. पाणी द्यावयाचे, चारा द्यावयाचा, त्याची ठिकाणे व वेळा लोकांना सांगावयाच्या, हे सारे करता येते. टँकरवर केवळ ‘पिण्याचे पाणी’ एवढेच लिहिलेले असावे, म्हणजे झाले. घाबरून गप्प बसणारा अधिकारी आणि उत्साहाने चित्र छापणारा अधिकारी, दोघेही लोकांचे नुकसानच करतात; पहिल्याचे नुकसान दिसत नाही एवढेच.

शिक्षकांचे स्थान या सर्वांत वेगळे आहे. निवडणुकीविषयी शासनाच्या पैशाने बोलण्याची जी एकमेव मुभा निवडणुकीच्या दिवसांत उरते तिचा मोठा भार त्यांच्यावरच असतो. मतदार यादीतील नाव, मतदान केंद्राचा पत्ता, ओळखपत्राचे प्रकार, मतदानाची वेळ, हे सांगणे म्हणजे प्रचार नव्हे. आयोगाने २००९ पासून मतदार जागृतीचा पद्धतशीर कार्यक्रम हाती घेतला आहे आणि २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिन म्हणून पाळला जातो. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून घरोघर चिठ्ठ्या वाटणारा शिक्षक हा त्या कार्यक्रमाचा कणा आहे. त्याने ‘मतदान करा’ म्हणावे, ‘कसे करावे’ हेही सांगावे. ‘कोणास’ हा शब्द मात्र त्याच्या तोंडून निघता कामा नये. प्रभातफेरीत मुलांच्या हातांत देण्याच्या घोषणाही याच दृष्टीने तपासून घ्याव्यात. एखाद्या शासकीय योजनेचे नाव जागृतीच्या घोषणेत गुंफले की जागृती संपली आणि जाहिरात सुरू झाली असे समजावे. शाळेत टाकलेला असा लहानसा कागदही गावात बारकाईने वाचला जातो.

एवढे सर्व असूनही आचारसंहितेस एक मोठे भगदाड आहे. ती लागू होते निवडणूक जाहीर झाल्यापासून. राज्यातील नगर परिषदा व नगर पंचायतींची निवडणूक ४ नोव्हेंबर २०२५ रोजी जाहीर झाली आणि मतदान २ डिसेंबरला ठरले. काही ठिकाणचे मतदान पुढे २० डिसेंबरला घ्यावे लागले, ही गोष्ट सोडली तर मूळ कालावधी अवघा अठ्ठावीस दिवसांचा होता. त्या अठ्ठावीस दिवसांपूर्वी काय? निवडणूक येणार हे सर्वांस ठाऊक असते. तारीख तेवढी ठाऊक नसते. म्हणून जाहिरातींचा पूर येतो तो नेमका आधीच्या दोन-तीन महिन्यांत. मुंबई-दिल्लीपासून खेड्यापर्यंत आणि कोणत्याही पक्षाच्या राजवटीत हा अनुभव सारखाच आहे.

या भगदाडाकडे सर्वोच्च न्यायालयाचे लक्ष वेधले गेले होते. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००३ साली केलेल्या याचिकेवर १३ मे २०१५ रोजी निकाल लागला. प्रा. एन. आर. माधव मेनन यांच्या समितीने सुचविलेली तत्त्वे न्यायालयाने बव्हंशी मान्य केली : शासकीय जाहिरात शासनाच्या कर्तव्यांशी निगडित असावी, ती वस्तुनिष्ठ असावी, सत्ताधारी पक्षाच्या राजकीय हिताचा पुरस्कार तिने करू नये, खर्च समर्थनीय असावा, आणि ती कायद्यास व वित्तीय नियमांस धरून असावी. छायाचित्रे केवळ राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचीच छापावीत असेही न्यायालयाने म्हटले होते; मार्च २०१६ मध्ये फेरविचार होऊन राज्यपाल, मुख्यमंत्री व मंत्री यांनाही ती मुभा मिळाली. परंतु निवडणुकीच्या तोंडावर जाहिरातींवर खास बंदी असावी, ही समितीची सूचना न्यायालयाने आवश्यक मानली नाही. सर्वसाधारण तत्त्वे पुरेशी आहेत अशी त्याची भूमिका होती. ती तत्त्वे सर्वत्र आणि सर्वकाळ पाळली गेली असती तर ती भूमिका बरोबर ठरली असती. भिंती पाहता तसे म्हणवत नाही.

इतर देशांनी या प्रश्नावर निरनिराळे मार्ग काढले आहेत. ब्रिटनमध्ये १९८६ च्या स्थानिक शासन कायद्याने नगरपालिकांना कोणत्याही राजकीय पक्षास अनुकूल मत तयार करण्यासाठी साहित्य प्रसिद्ध करण्यास बारमाही मनाई केली. ती निवडणुकीपुरती नाही. मेक्सिकोने २००७ साली संविधानच दुरुस्त केले. तेथे प्रचाराच्या आरंभापासून मतदान संपेपर्यंत सारी शासकीय प्रसिद्धी थांबते. अपवाद आहेत ते निवडणूक यंत्रणेची माहिती, शिक्षण, आरोग्य आणि आपत्तीतील नागरी संरक्षण. शिवाय कोणत्याही काळी शासकीय प्रसिद्धीत अधिकारपदावरील व्यक्तीचे नाव, चित्र वा आवाज तिच्या गौरवासाठी वापरता येत नाही. खुलताबादेतील पाण्याचा फलक आणि स्वागताची कमान यांत जो भेद आरंभी केला, तोच तेथे संविधानाच्या भाषेत लिहिला गेला आहे.

आपल्याकडे तसा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तालुक्यात काय करता येईल, हा या सभेपुढचा खरा विषय आहे. ग्रामपंचायत आपला खर्च ग्रामनिधीतून करते आणि त्या खर्चावर ग्रामसभेस प्रश्न विचारता येतो. ग्रामनिधीतून तयार होणाऱ्या कोणत्याही फलकावर कोणा पदाधिकाऱ्याचे छायाचित्र असणार नाही, कामाचे नाव, मंजूर रक्कम, निधीचा स्रोत, ठेकेदार, आरंभ व पूर्णत्वाची तारीख एवढेच असेल, असा ठराव ग्रामसभेने करावयास कोणाची आडकाठी नाही. तो बारा महिने लागू राहील. त्याचा एक व्यावहारिक लाभही आहे. निवडणूक जाहीर झाल्यावर चोवीस तासांत शिड्या घेऊन धावाधाव करावी लागणार नाही, कापड व चुना यांवर पुन्हा खर्च होणार नाही आणि कोणाचे चित्र आधी झाकले, कोणाचे राहून गेले, यावरून तहसील कार्यालयात तक्रारींची रांग लागणार नाही. ज्या फलकावर रक्कम व ठेकेदाराचे नाव आहे तो निवडणुकीच्या दिवशीही जागेवर राहू शकतो, कारण त्यावर मतदारास जे हवे तेच आहे.

ठराव मांडावयाचा तर त्याचा पहिला मसुदा सत्तेवर असलेल्या पॅनेलने मांडावा, हे अधिक शोभून दिसेल. विरोधकांनी मांडला तर तो रुसव्याचा वाटतो. नगर परिषदेतही नगराध्यक्ष थेट निवडला जातो, तेथेही हेच लागू पडते. चैत्र पौर्णिमेच्या फलकांची मागणी करण्यापूर्वी मुख्याधिकारी, तहसीलदार व पोलीस निरीक्षक यांनी एकत्र बसून मजकूर ठरवावा : पाणी, वाहनतळ, दवाखाना, हरवलेल्या मुलांचा कक्ष, परतीच्या बसची जागा. पाच ओळी पुरेत. त्या लांबून आणि रात्रीही वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरात असाव्यात. छायाचित्रांसाठी राखलेली जागा मोकळी झाल्यामुळे ते सहज साधेल.